बायबल कुणाच्या मराठीत?

वारजे माळवाडी आणि कर्वेनगर यांच्यामधली शीव आता शोधूनही सापडत नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र ही वेगवेगळी गावं होती, आणि आज ज्याला कर्वेनगर म्हणतात ते हिंगणे बुद्रुक पुणेकरांच्या लेखी शहराबाहेरचं रान होतं. १९०० साली अण्णासाहेब कर्व्यांनी विधवांचा आश्रम तिथल्या एका झोपडीत नेला. दिवसा फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचं आणि संध्याकाळी चालत हिंगण्याला जायचं, हा त्यांचा क्रम इकडच्या शाळांतल्या मुलांनाही ठाऊक असतो. कर्व्यांच्या दुसऱ्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे बाया, यांची एक गोष्ट त्यामानाने कमी सांगितली जाते. बालविधवा गोदूबाई जोशी म्हणून त्या शिकायला गेल्या पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत उघडलेल्या त्या शाळेतल्या त्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. शाळा पुढच्या वर्षी पुण्याला आली आणि १८९३ मध्ये गोदूबाईंचं कर्व्यांशी लग्न झालं. वारजे-कर्वेनगरच्या स्त्रीशिक्षणाचा एक झरा असा थेट रमाबाईंपर्यंत जातो.

रमाबाईंचं नाव आपण स्त्रीशिक्षण, धर्मांतर आणि ‘केसरी’शी झालेला वाद एवढ्यापुरतं लक्षात ठेवलं आहे. पण आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यात जवळपास अठरा वर्षं त्या दुसऱ्याच कामात बुडाल्या होत्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्या अख्खं बायबल मराठीत आणत होत्या. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात या कामाला फार तर एखादं वाक्य मिळतं. ते काम केवढं होतं हे समजायला आधी बायबल इंग्रजीत कसं आलं आणि त्या मानाने मराठीत कसं आलं, हे पाहावं लागतं. दोन्हीकडचे पेच अगदी निराळे आहेत.

इंग्लंडमध्ये भांडण होतं ते वाचण्याच्या हक्काचं. देवाचा शब्द लॅटिनमध्ये, लॅटिन पाद्र्यांच्या हातात आणि सामान्य माणसाने ऐकून घ्यायचं, अशी व्यवस्था होती. चौदाव्या शतकाच्या शेवटी ऑक्सफर्डच्या जॉन विक्लिफच्या प्रेरणेने लॅटिनवरून इंग्रजी बायबल तयार झालं, हस्तलिखितांतून पसरलं आणि चर्चने परवानगीवाचून केलेल्या भाषांतरांवर बंदी घातली. विक्लिफ तोवर मेला होता, तरी १४२८ मध्ये त्याची हाडं उकरून जाळण्यात आली. त्यानंतर शंभर वर्षांनी विल्यम टिंडेल आला. त्याने लॅटिनला वळसा घालून थेट ग्रीकवरून नवा करार इंग्रजीत केला. इंग्लंडमध्ये थारा मिळेना म्हणून जर्मनीत वर्म्सला १५२६ साली तो छापला आणि कापडाच्या गठ्ठ्यांतून चोरून मायदेशी धाडला. लंडनच्या बिशपने प्रती मिळवून जाळल्या. नांगर हाकणाऱ्या पोराला पाद्र्यापेक्षा जास्त शास्त्र कळावं, असा टिंडेलचा ध्यास होता. त्याचे शब्दसुद्धा स्फोटक होते. ‘चर्च’च्या जागी त्याने मंडळी या अर्थाचा शब्द घातला आणि ‘पुरोहिता’च्या जागी वडीलधारा या अर्थाचा. एवढ्या बदलाने पाद्र्यांच्या अधिकाराचा पायाच हलत होता. १५३६ मध्ये ब्रसेल्सजवळ त्याचा गळा आवळून मग देह जाळला. गंमत अशी की तीनच वर्षांनी आठव्या हेन्रीच्या हुकमाने इंग्लंडच्या देवळादेवळांत इंग्रजी बायबल ठेवलं गेलं आणि त्यात टिंडेलचा मजकूर भरपूर होता.

१६११ चं प्रसिद्ध ‘किंग जेम्स’ बायबल हे समितीचं काम. वेस्टमिन्स्टर, ऑक्सफर्ड आणि केंब्रिज इथल्या सहा गटांत सत्तेचाळीस विद्वान बसले. इंग्रजी भाषेचं हे वैभव म्हणून मिरवलं जातं, पण त्यातल्या नव्या कराराचा मोठा भाग त्या जाळलेल्या एकट्या माणसाचा आहे. समित्यांना श्रेय फार लवकर मिळतं, असं माझं मत आहे. छापखान्याचं म्हणाल तर १६३१ च्या एका आवृत्तीत दहा आज्ञांपैकी व्यभिचाराच्या आज्ञेतला नकारच गळाला आणि राजाच्या मुद्रकांना तीनशे पौंडांचा दंड बसला. प्रुफं वाचणाऱ्यांनी ही गोष्ट भिंतीवर लावून ठेवावी.

‘किंग जेम्स’ निघाल्यानंतर पाचच वर्षांनी, १६१६ मध्ये, गोव्यात साष्टीतल्या राचोलला एक मराठी ग्रंथ छापून निघाला. तो लिहिणाराही इंग्रज होता. थॉमस स्टीफन्स, विल्टशरचा कॅथलिक. प्रॉटेस्टंट इंग्लंडमध्ये आपल्या धर्माला जागा नाही म्हणून तो देश सोडून जेझुइट झाला आणि १५७९ मध्ये गोव्याला पोचला. त्याचं ‘क्रिस्तपुराण’ म्हणजे सुमारे अकरा हजार ओव्या, दोन भागांत. पहिल्या पुराणात जुना करार, दुसऱ्यात येशूचं चरित्र. हे बायबलचं भाषांतर नव्हे, आणि त्याला कारण आहे. लोकभाषांतल्या भाषांतरांवर रोमचा त्या काळी कडक पहारा होता. पुराण सांगायला मात्र मज्जाव नव्हता. शिवाय बाटलेल्या लोकांचे जुने ग्रंथ हिरावले गेले होते. आता आम्ही वाचायचं काय, हा त्यांचा प्रश्न खरा होता आणि उत्तर त्यांना रुचेल अशाच रूपात द्यायला हवं होतं. म्हणून ओवी.

पोर्तुगीजांकडे देवनागरीचे ठसे नव्हते, त्यामुळे हा मराठी ग्रंथ रोमन अक्षरांत छापला गेला. सतराव्या शतकात त्याच्या तीन आवृत्त्या निघाल्या आणि तिन्हींपैकी एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. १६८४ मध्ये गोव्याच्या पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषांवरच फर्मान काढलं. ज्या राज्यात हा ग्रंथ जन्मला तिथेच त्याची भाषा नकोशी झाली. ग्रंथ जगला तो हस्तलिखितांवर, गोव्याच्या आणि मंगळूरच्या ख्रिस्ती घरांत. १९०७ मध्ये मंगळूरला जोसेफ सल्डाण्यांनी तो पुन्हा छापला आणि देवनागरीत पुण्यात शांताराम बंडेलूंनी १९५६ साली.

स्टीफन्सचं काव्य वाचताना ज्ञानेश्वरी-एकनाथांच्या ओवीचा ठेका कानात पडतो, तरी हे मान्य करावं लागतं की ते कथन आहे. मूळ ग्रंथ वाक्यागणिक मराठीत आणण्याचा पहिला उद्योग दोनशे वर्षांनी, आणि तोही बंगालमध्ये झाला.

सेरामपूरचा विल्यम कॅरी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवत असे. त्याच्या हाताशी वैजनाथ शर्मा नावाचे पंडित होते. १८०५ मध्ये कॅरीचं मराठी व्याकरण आणि मत्तयाचं शुभवर्तमान निघालं, १८१० मध्ये मोडी ठशांत छापलेला मराठी-इंग्रजी कोश आणि १८११ मध्ये नवा करार. महाराष्ट्रात तेव्हा पेशवाई होती आणि मिशनऱ्यांना इथे पायही ठेवता येत नव्हता. त्यामुळे आपल्या भाषेतल्या पहिल्या छापील पुस्तकांपैकी कितीतरी हुगळीच्या काठी तयार झाली. ठसे पाडणारे पंचानन कर्मकार आणि त्यांचे जावई मनोहर हे बंगाली लोहार घराण्यातले.

पण सेरामपूरची मराठी मुंबईत चालेना. १८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले. त्यांनी कॅरीचं भाषांतर बाजूला ठेवलं आणि नव्याने सुरुवात केली. १८१७ पासून त्यांचा छापखाना चालू झाला आणि १८२६ मध्ये मुंबईचा नवा करार पुरा झाला. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये हॉल नाशिककडून परतताना पटकीने वारला. संपूर्ण बायबल हाती यायला १८४७ साल उजाडलं. पुढे दुरुस्त्यांवर दुरुस्त्या होत राहिल्या.

इथला पेच आता स्पष्ट दिसतो. मराठीत बायबल आणणाऱ्या कुणालाही जाळलं नाही, कुणी प्रती चोरून आणल्या नाहीत. उलट राज्यकर्त्यांचाच धर्म होता. अडचण अशी होती की टिंडेल ज्या भाषेत लिहीत होता ती त्याच्या आईची भाषा होती, आणि कॅरी, हॉल वगैरे मंडळी पंचविशी-तिशी उलटल्यावर मराठी शिकलेली. ती शिकवायला पंडित लागत. पंडित ब्राह्मण, त्यांची ग्रांथिक मराठी संस्कृताने भरलेली. बाजारात, शेतावर बोलली जाणारी भाषा त्यांच्या लेखी लिहिण्याजोगी नव्हती. साहेबाला अर्थ ठाऊक, पंडिताला भाषा ठाऊक आणि ज्याच्यासाठी पुस्तक छापायचं त्याला दोघेही ओळखत नाहीत. त्यातून उतरलेलं गद्य कसं असणार? बहुतेक पंडितांची नावंही आपल्यापर्यंत आली नाहीत. भाषांतरकार म्हणून नाव साहेबाचं.

या खटाटोपाचा एक फायदा मात्र साऱ्या मराठीला झाला. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात थॉमस ग्रॅहम यांनी देवनागरीचे ठसे सुबक करण्यावर मेहनत घेतली. याच छापखान्यात पोरवयात ठसे घासायच्या कामाला लागलेले जावजी दादाजी पुढे निर्णयसागर छापखान्याचे मालक झाले. गणपत कृष्णाजींनीही मुद्रणाची गोडी मिशनचंच काम पाहून लावून घेतली आणि १८३१ मध्ये छापील पंचांग काढलं. बायबल छापताना कमावलेलं कसब पंचांगाच्या आणि संस्कृत काव्यांच्या निर्णयसागरी प्रतींच्या कामी आलं. ख्रिस्ती मिशनऱ्यांना हा हिशेब कसा वाटला असेल कोण जाणे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी माणसं स्वतः पुढे आली. बेळगावचे बाबा पदमनजी, ‘यमुनापर्यटन’वाले, यांनी नव्या करारावर मराठीत मोठी टीका लिहिली. नारायण वामन टिळकांनी स्टीफन्सच्या वाटेने ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य आरंभलं. १९१९ मध्ये ते गेले आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेऊन पुरं केलं. पण ख्रिस्ती मंडळ्यांत वाचलं जाणारं बायबल मिशनांच्या समित्यांमधूनच यायचं.

आणि इथे रमाबाई येतात.

त्यांचा जन्म १८५८ चा, पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या जंगलातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे बायकोला संस्कृत शिकवतात म्हणून वाळीत पडल्यासारखे राहिले. घरदार मोडल्यावर कुटुंब देशभर पुराण सांगत पायी फिरलं. भागवताचे हजारो श्लोक पोरीला तोंडपाठ. दुष्काळात आई-वडील आणि बहीण गेली. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी तिला ‘सरस्वती’ म्हटलं. लग्न, मुलगी, दोन वर्षांत वैधव्य, आणि १८८२ मध्ये पुणे. म्हणजे ज्या बाईला आपण मराठी विदुषी म्हणतो तिचं बालपण जवळजवळ सगळं महाराष्ट्राबाहेर गेलं. तिची मराठी घरातली होती, वाड्यातली नव्हे. मला वाटतं, पुढच्या कामात हे उपयोगी पडलं.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या तिथे होत्या तीच वर्षं इंग्रजांनी आपलं ‘किंग जेम्स’ दुरुस्त केल्याची होती. सुधारलेला नवा करार १८८१ मध्ये आणि जुना १८८५ मध्ये बाहेर पडला. पावणेतीनशे वर्षं ज्यांना हात लावणं पाप वाटे, ती वाक्यं विद्वान मंडळी मूळ भाषांशी ताडून बदलत होती. साहेबाचं भाषांतरही अंतिम नसतं, हे यावरून कुणालाही दिसलं असतं. रमाबाईंसारख्या वादपटू बाईला तर नक्कीच. चर्चच्या अधिकाऱ्यांशी त्यांचे खटके तिथेच उडू लागले होते. ख्रिस्त मान्य, पण तुमच्या पंथाचा प्रत्येक शब्द मान्य करणार नाही, हा त्यांचा बाणा होता.

पुण्यात शारदा सदनावर १८९३ मध्ये धर्मांतराचं वादळ आलं, रानडे-भांडारकरांनी सल्लागार म्हणून अंग काढून घेतलं आणि रमाबाईंनी बिऱ्हाड हळूहळू केडगावला हलवलं. दौंड तालुक्यातलं, सोलापूरच्या रेल्वेमार्गावरचं हे गाव. १८९६-९७ च्या आणि १९०० च्या दुष्काळांत मध्य प्रांतातून आणि गुजरातेतून त्यांनी उपाशी बायका-मुली आणल्या. केडगावच्या त्यांच्या आश्रमातली, म्हणजे मुक्ती सदनातली, वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. विहिरी, शेती, विणकाम, दुधदुभतं आणि छापखाना. खिळे जुळवण्यापासून बांधणीपर्यंत सगळं बायका करत.

या बायकांपुढे चालू मराठी बायबल ठेवलं तेव्हा ते त्यांना कळेना. रमाबाईंची तक्रार दुहेरी होती. एक तर भाषा संस्कृतप्रचुर आणि जड. दुसरं असं की त्यात हिंदू शास्त्रांतून उचललेले शब्द, आपल्या जुन्या अर्थांचं ओझं घेऊन आलेले. हे दुसरं ओझं किती, हे सांगायला त्यांच्याएवढा अधिकारी माणूस दुसरा नव्हता. ज्या शब्दांमागचे श्लोक पंडितांनाही शोधावे लागत, ते या बाईला पाठ होते. महाराष्ट्रात संस्कृताने नटलेलं बायबल लिहायला सगळ्यांत लायक कोण असेल तर रमाबाई, आणि नेमकं तेच त्यांनी नाकारलं.

१९०४ च्या सुमाराला काम सुरू झालं. वय शेचाळीस, ऐकू कमी येऊ लागलेलं, अंगावर दोन हजार जणींचा संसार. मूळ हिब्रू आणि ग्रीक समोर ठेवायचं, इंग्रजीची कुबडी घ्यायची नाही आणि जिने आयुष्यात हे पहिलंच पुस्तक हातात धरलं आहे तिला कळेल असं लिहायचं. टिंडेलचा नांगर हाकणारा पोरगा इथे दुष्काळातून वाचलेली बाई झाला होता. त्यातल्या अनेकींची तर मायबोलीही मराठी नव्हती, त्यामुळे साधेपणा ही चैन नसून गरज होती. भाषांतर झालं की मजकूर मुक्तीच्याच छापखान्यात जुळवला जायचा. नवा करार आधी निघाला. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली, तरी काम थांबलं नाही. शेवटची प्रुफं हातावेगळी केली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

जगात एकट्या बाईने बायबलचं भाषांतर करण्याची ही पहिली वेळ, असं कौतुकाने लिहिलेलं कधीकधी वाचायला मिळतं. ते बरोबर नाही. अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या ग्लॅस्टनबरीच्या ज्युलिया स्मिथ या शेतकरीण बाईने एकटीने सगळं बायबल मूळ भाषांवरून इंग्रजीत आणलं आणि १८७६ मध्ये पदरच्या पैशांनी छापलं. तीही बाई काही साधी नव्हती. मत द्यायचा हक्क नाही तर कर भरणार नाही, म्हणून ती आणि तिची बहीण अडून बसल्या आणि गावाने त्यांच्या गायी जप्त करून लिलावात काढल्या. १८८६ च्या मार्चमध्ये रमाबाई डॉक्टर आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी अमेरिकेत पोचल्या, त्याच महिन्यात ज्युलिया वारली. रमाबाईंना पहिलेपणाचं बिरूद लावायची गरज नाही. ज्युलियाला दुष्काळग्रस्त बायकांचं गाव चालवायचं नव्हतं, आणि तिच्या इंग्रजीच्या पाठीशी टिंडेलपासूनची साडेतीनशे वर्षं उभी होती. रमाबाईंच्या पाठीशी होता तो परक्यांनी पंडितांकरवी घडवलेला ठोकळा, आणि त्यांना तोच फोडायचा होता.

मग हे भाषांतर रूढ का झालं नाही? एक कारण संस्थात्मक. मंडळ्यांमागे बायबल सोसायटी होती, तिची छपाई, तिची स्वस्त प्रत, तिचे विक्रेते. केडगावचा छापखाना तिच्यापुढे टिकणं कठीण. दुसरं कारण ग्रंथाच्या आतलं आहे आणि ते झाकण्यात अर्थ नाही. मूळ शब्दाला शब्द चिकटून राहायचं आणि अडाणी बाईलाही कळलं पाहिजे, या दोन अटी एकमेकींना ओढत राहतात. हिब्रू वाक्याचा सांगाडा जसाच्या तसा ठेवला की वरची कातडी कितीही मराठी असो, वाक्य अडखळतं. रमाबाईंची निष्ठा मूळ ग्रंथावर इतकी होती की दोन्हींतून एक निवडायची वेळ आली की त्या मूळ निवडत. वाचायला सोपं बायबल म्हणून त्यांचं भाषांतर मी कुणाच्या हातात देणार नाही. मराठी गद्याशी झालेली एक मोठी झटापट म्हणून जरूर देईन.

सोपं बायबल नंतर आलं, आणि तेही कॅथलिक बाजूने. १९६२ ते १९६५ च्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषांना दार उघडलं आणि ज्या पंथाने स्टीफन्सला पुराणाआडून बोलायला लावलं होतं, त्याच पंथाच्या वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी ‘सुबोध बायबल’ लिहिलं. ते पुण्याच्या राजहंस प्रकाशनाने काढलं, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद दिब्रिटोंकडे गेलं. २०२४ मध्ये ते वारले. त्यांची मराठी प्रसन्न आहे, चर्चच्या पायऱ्या न चढलेल्या वाचकालाही ती परकी वाटत नाही.

रमाबाईंच्या वाट्याला असा वाचक आला नाही. हिंदूंनी ख्रिस्त्यांचं म्हणून आणि ख्रिस्त्यांनी रूढ प्रतीहून वेगळं म्हणून ते पुस्तक मिटून ठेवलं. भाषेच्या अंगाने त्याचा अभ्यास व्हायला धर्म कशाला आडवा यावा? बिबवेवाडीची युनियन बिब्लिकल सेमिनरी आणि नगर रस्त्यावरचं ज्ञानदीप विद्यापीठ, या पुण्यातल्याच संस्थांत हिब्रू-ग्रीक जाणणारी माणसं आहेत. महाविद्यालयांत मराठीचे विभाग आहेत. दोघांनी एका टेबलाशी बसावं आणि रमाबाईंच्या बायबलची, निदान चार शुभवर्तमानांची, सटीप आवृत्ती काढावी. कोणता शब्द त्यांनी टाकला, कोणता घेतला, १८४७ च्या प्रतीशी ताडून समासात दाखवावं. गोदूबाईंना अक्षरओळख करून देणाऱ्या शाळेच्या बाईंनी मराठीसाठी केलेलं हे सगळ्यांत मोठं काम आहे, आणि ते मराठीच्या अभ्यासक्रमात असायला हवं.